ओट्यापर्यंतची वाट

जयमाला दिघे यांना नेरूळला घर लागलं ते दुसऱ्या मजल्यावर. "बाई, सोडतीत घर लागतं, मजला लागत नाही," सोडतीच्या कचेरीतला खिडकीवरचा माणूस म्हणाला. वयाची अठ्ठावन्न पूर्ण झालेली, टेलिफोन खात्यातली नोकरी संपलेली, आईला जाऊन वर्ष झालेलं. गिरगावातल्या दोन खोल्यांत भावाचा संसार असा वाढलेला, की जयमालाबाईंची कॉट रोज संध्याकाळी गॅलरीत जायची आणि सकाळी घडी होऊन भिंतीला लागायची. त्यांनी चावी घेतली, आणि १९८५ची दिवाळी झाल्यावर एका टेम्पोत मावेल एवढ्या सामानानिशी त्या खाडी ओलांडून आल्या.

पायऱ्या चौतीस होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मोजल्या. गुडघ्यांनी मोजायला लावल्या म्हणा ना. संधिवात पाच-सहा वर्षांचा जुना. ऑफिसात बसून काम, डोक्याला हेडफोन, समोर बोर्ड, त्यामुळे तिथं तो फारसा दिसला नाही. इथं तो पहिल्या पायरीलाच भेटला. चांगला पाय आधी वर, मग दुखरा. उतरताना दुखरा आधी, मग चांगला. पण दोन्ही दुखरे असले तर काय करायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

वाशीच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले, वाकवून बघितले, आणि म्हणाले, "चाला."

"दुखतं हो, डॉक्टर."

"दुखणारच. पण बसलात की बसलातच. रोज थोडं थोडं चाला. दमलात की टेका, मग पुन्हा चाला."

डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच होतं, फक्त त्यांनी नेरूळ पाहिलेलं नव्हतं. रस्ते ऐसपैस, दोन एसटी गाड्या सहज एकमेकींशेजारून जाव्यात असे, पण त्यांवरून दिवसातून चार डंपर जायचे आणि एक दूधवाला. सावलीला झाड नाही, कारण लावलेली रोपं अजून पिंजऱ्यात गुडघ्याएवढी. दुकान एकच, तेही पत्र्याचं. एका मापाच्या, एका रंगाच्या चार मजली इमारती रांगेनं उभ्या, आणि त्यांतल्या निम्म्या खिडक्या अजून बंद. समोरच्या बिऱ्हाडातलं जोडपं पहाटेच्या बसनं मुंबईला जायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं. रविवारी ते दोघं झोपायचे. जिन्यात भेटले की हसायचे. चांगली माणसं होती.

गिरगावात जयमालाबाई कधी 'चालायला' म्हणून गेल्या नव्हत्या. भाजीला जायच्या, वाचनालयात जायच्या, वाटेत दहा जण थांबवायचे, कोणाच्या तरी दुकानाच्या फळीवर टेकायच्या. चालणं त्यातच होऊन जायचं. इथं चालायला निघायचं म्हणजे कशाकडेच निघायचं नाही. तरी त्या निघाल्या. दोनशे पावलं झाली की डाव्या गुडघ्यात कोणी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं आणि टेकणं भागच पडायचं. त्यामुळे टेकायला जागा कुठं कुठं आहे याचा त्यांनी शोधच घेतला. इमारतीपासून दोनशे दहा पावलांवर नाल्यावरची एक मोरी होती, तिचा कठडा बसण्याजोगा. तिथून पुढं एकशे ऐंशीवर रस्त्याकडेला सिमेंटचे मोठे पाइप आडवे टाकलेले. त्यांच्यावर बसता येई, फक्त उठताना ओढाताण व्हायची. पाइपांच्या पुढं मात्र काही नव्हतं. मोकळा, तापलेला रस्ता, आणि त्याच्या टोकाला, पार लांब, जुन्या नेरूळ गावाची कौलं आणि वडाचा हिरवा ढिगारा.

त्या पाइपापर्यंत जायच्या, बसायच्या, गावाकडं बघायच्या आणि परत यायच्या. दीड महिना असं चाललं.

पौषातल्या एका सकाळी हवा गार होती, गुडघे जरा मोकळे होते, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. जन्मभर आपण पुणे-नागपूर-दिल्ली जोडून दिली आणि समोरच्या गावापर्यंत आपल्याला जाता येत नाही? त्या उठल्या आणि पुढं निघाल्या. दोनशे पावलांवर खिळा बसला. अडीचशेला दुसऱ्या गुडघ्यानंही हात टेकले. मागं फिरावं तर तेवढंच अंतर, पुढं जावं तर त्याहून थोडं कमी. रस्त्याच्या मधोमध छत्रीच्या दांड्यावर भार देऊन त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. मग दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा, असं करत त्या गावाच्या पहिल्या घराशी पोचल्या.

घराला ओटा होता. शेणानं सारवलेला, मांडीएवढ्या उंचीचा. ओट्यावर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांवर रुईची पानं बांधून.

"बस गो बाय," म्हातारी म्हणाली. "कवाची बघते मी तुना. येते का परते म्हनून."

जयमालाबाई बसल्या. त्यांना धाप लागली होती. म्हातारीनं त्यांना बोलायला लावलं नाही. आत हाक मारून तिनं पाणी मागवलं, आणि तांब्या हातात दिल्यावर त्यांच्या गुडघ्यांकडं बोट दाखवून विचारलं, "दोनी?"

"दोन्ही."

"माजं पन."

म्हातारीचं नाव बायजाबाई. सत्तरीची आगरी बाई, काळी, उंच, हातांची बोटं सांध्यांवर गाठाळलेली. घरात मुलगा नामदेव आणि सून चांगुणा. दोघंही बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात जायचे, पाळ्या बदलत्या. दिवसाचे बरेच तास बायजाबाई ओट्यावर एकटी असायची.

"तुमचे गुडघे कधीपासून दुखतात?" जयमालाबाईंनी विचारलं.

"शेत व्हता तवर गुडघं व्हतं," बायजाबाई म्हणाली. "शेत गेला, गुडघं गेलं."

जयमालाबाईंना आधी वाटलं, हे नुसतं बोलणं. पण म्हातारीनं नीट सांगितलं. खाडीकाठची खारी जमीन, भाताची. चिखलात कमरेतून वाकून लावणी, बांधावरून दिवसातून दहादा ये-जा, डोक्यावर भारा. साठीपर्यंत दुखणं म्हणून माहीत नाही. मग जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. सकाळी उठून जायला काही उरलं नाही. "पयला महिना बरा वाटला," ती म्हणाली. "दुसऱ्या महिन्यात पाय इचारायला लागलं, आता कुठं? मी काय सांगू?"

त्या दिवसापासून जयमालाबाईंची वाट ठरली. मोरी, पाइप, आणि मग तो मोकळा तुकडा. तो दहा-दहा पावलांवरून वीसवर आला, वीसचे पन्नास झाले. गुडघे बरे झाले नाहीत, पण पोचायला काहीतरी होतं. ओट्यावर दोघी तास-दीड तास बसायच्या. बायजाबाई वाल सोलायची, जयमालाबाई मदत करायच्या. खाडीकाठच्या दिवाळे गावाहून कोळणी टोपल्या घेऊन आल्या की म्हातारी मासळीच्या भावावरून त्यांच्याशी मनसोक्त भांडायची आणि मग त्यांतली एखादी ओट्यावरच टेकायची. कधी कोणी काही बोलायचंही नाही. जयमालाबाईंना त्याचं नवल वाटायचं. तीस वर्षं त्यांच्या कानात लोक बोलत होते, पण त्यांच्याशी नव्हे.

होळी झाल्यावर एकदा बायजाबाई म्हणाली, "मना तुजा घर दाखव."

"चालवेल तुम्हाला? तिकडं वाटेत बसायला फार जागा नाही."

"तू रोज येतंस ना?"

गाव सोडून त्या बाजूला म्हातारी आठ वर्षांत गेली नव्हती. बांबूची काठी घेऊन, अनवाणी, ती निघाली. डांबर अजून तापलं नव्हतं. जयमालाबाईंना जिथं नुसता रस्ता दिसत होता तिथं म्हातारी थांबून सांगायची, "ह्यो गनपाचा बांध. हिथं भरतीचा पानी आडवायची उघाडी व्हती. हिथं माजा पयला पोर सापानं नेला." हे तिनं बाकीच्या गोष्टींसारखंच सांगितलं आणि पुढं चालू लागली. पाइपांवर दोघी खूप वेळ बसल्या. मोरीच्या कठड्यावर त्याहून जास्त.

इमारतींच्या रांगेत आल्यावर मात्र बायजाबाई थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. डोंगर कुठं आहे ते बघितलं, खाडीचा वारा कुठून येतो ते गाल फिरवून बघितलं.

"माजा शेत हिथंच कुठं तरी व्हता," ती म्हणाली. "का पलीकडं? आता कसा वलखू? समदं सपाट केलंय."

चौतीस पायऱ्या तिच्याच्यानं चढवणार नव्हत्या. ती तळच्या पायरीवर बसली. जयमालाबाई वर गेल्या, चहा केला, किटलीत ओतला, आणि दोन कप पिशवीत घालून पुन्हा खाली उतरल्या. त्या दिवशी त्यांच्या गुडघ्यांनी दोन वेळा जिना केला. नेरूळला आल्यापासून त्यांच्याकडे आलेली ती पहिली पाहुणी.

"वर काय करतंस दिसभर?" चहा फुंकत बायजाबाईनं विचारलं.

"रेडिओ ऐकते. वाचते."

"एकलीच?"

"एकटीच."

"भ्या नाय वाटत?"

"भीती नाही वाटत. पण कधीकधी संध्याकाळी मोठ्यानं एखादं वाक्य बोलून बघते. आवाज आहे की गेला म्हणून."

म्हातारीनं कप खाली ठेवला आणि आपल्या गाठाळ हातानं जयमालाबाईंचा गुडघा धरला. दाबला नाही, नुसता धरला.

मग पावसाळा आला. ज्यांनी त्या काळातलं नेरूळ पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाइप गाडण्यासाठी रस्त्याच्या कडेनं चर खणले होते, ते पाण्यानं काठोकाठ भरले. रस्ता कुठं संपतो आणि चर कुठं सुरू होतो, ते कळेना. बसायचे पाइप एकेक करून जमिनीत गेले. जयमालाबाई आषाढात दोनदा निघाल्या. दुसऱ्यांदा मोरीशीच पाय सरकला. पडल्या नाहीत, पण गुडघा असा मुरगळला की जिना चढायला पाऊण तास लागला. त्यानंतर त्या वरच राहिल्या. दुकानवाला शिवराम आठवड्यातून एकदा सामान वर आणून देई. दारापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत चौदा पावलं होती. काही दिवस त्यांनी ती घातली, मग तेही सुटलं. गुडघे धरले. खुर्चीतून उठायचं तर आधी दोन मिनिटं मनाची तयारी करावी लागायची.

बायजाबाईकडे निरोप पाठवावा असं रोज वाटायचं. पण पाठवायचा कोणाबरोबर? गावात फोन नव्हता, त्यांच्या घरात नव्हता. शिवरामाला एकदा सांगितलं, "गावातल्या पहिल्या घरी सांगाल का?" तो हो म्हणाला आणि विसरला.

भाद्रपदात उघडीप पडली. गौरी-गणपती होऊन गेल्यावर जयमालाबाई काठी घेऊन उतरल्या. नवी काठी, वाशीहून मागवलेली. वाट अर्धी त्यांच्या ओळखीची राहिली नव्हती. पाइपांच्या जागी ताज्या मातीचा लांब उंचवटा होता, त्यावर बसता येत नव्हतं. मोरीपासून थेट गावापर्यंत त्या उभ्याउभ्या थांबत गेल्या.

ओट्यावर कोणी नव्हतं. चांगुणा ओटा झाडत होती. त्यांना बघून तिचा हात थांबला.

"कुठं व्हता तुमी?" ती म्हणाली. "आय दोनदा आली तुमच्याकडं."

"माझ्याकडं? कधी?"

"पावसात. आमाला न सांगता. पयल्या टायमाला परत आली. म्हनली, बिल्डिंगी समद्या येकसारख्या, कोनची तिची कलत नाय. आयला आकडं वाचता येत नाय ना. इचारलं लोकांना, जयमाला बाय कुठं ऱ्हाते? कुनाला नाव ठाव नाय. मंग नागपंचमीला परत गेली. सनाच्या पातोल्या करून घेऊन. तिथंच इटांच्या ढिगाशी पडली. मांडीचा हाड मोडला."

"कुठं आहेत त्या?"

"पनवेलला दवाखान्यात व्हती महिनाभर. आता माज्या नंदेकडं, वेनूताईकडं नेली, उरनच्या पुढं करंज्याला. आमी दोगं कामावर, हिथं कोन बघनार?"

जयमालाबाई ओट्यावर बसल्या. चांगुणानं पाणी दिलं. नागपंचमी. त्या दिवशी त्या घरीच होत्या, खुर्चीत. पाऊस थोडा थांबला होता. खालून कोणीतरी हाक मारत होतं, "ए बाय! ए बाय गो!" त्यांना वाटलं, दिवाळ्याची कोळीण आली असेल. त्या दिवशी मासळी नको होती. उठून गॅलरीपर्यंत जायचं म्हणजे केवढा व्याप. जाऊन बघेपर्यंत ती पुढं गेलेली असेल. त्या उठल्या नाहीत. हाक आणखी दोनदा आली, मग पुढच्या इमारतीशी गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

तीस वर्षं कुठलीही हाक त्यांनी उत्तराशिवाय सोडली नव्हती. तोच त्यांचा धंदा होता.

कार्तिकात, पाय जरा चालू लागल्यावर, त्या करंज्याला गेल्या. उरण फाट्यापर्यंत शिवरामाच्या भावानं, नंदकुमारनं, स्कूटरवर सोडलं. एसटीची पायरी त्यांच्या मांडीशी येत होती. कंडक्टर वरून हात देऊन ओढू लागला आणि खालून एक अनोळखी बाई ढकलू लागली. "जपून, जपून," सगळी गाडी म्हणाली. उरणला उतरताना त्या बसून, एकेक पायरी घसरत उतरल्या. तिथून रिक्षा.

वेणूचं घर बंदराजवळ होतं, सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडं. बायजाबाई माजघरात बाजेवर होती. ती केवढीशी झाली होती! पाय मात्र होते तेवढेच लांब, चादरीखाली सरळ ठेवलेले.

"आली गो," ती म्हणाली. "कशी आलीस?"

"एसटीनं."

"चढलीस?"

"चढवलं लोकांनी."

म्हातारी हसली. वेणूनं चहा आणला. ती कामाला आत गेल्यावर जयमालाबाईंनी बाजेशेजारच्या स्टुलावर बसून, नजर खाली लावून सांगून टाकलं. "बायजाबाई, नागपंचमीला मी घरीच होते. तुमची हाक मला ऐकू आली होती. कोणी विकायला आलंय असं वाटलं. मी उठले नाही."

बायजाबाईनं चादर जरा वर ओढली.

"उठाया येल लागतो," ती म्हणाली. "मी पन नाय उठत कोनी हाक मारली त. म्हनते, जाईल आपोआप."

"पण तुम्ही होतात."

"तुना काय ठाव, मी हाय म्हनून? बाय, गुडघं काय इचारून दुखतात?"

मग दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. वेणूचा नवरा चांगला आहे. इथं मासळी ताजी मिळते. पण ओटा नाही. घर बंदराला पाठ करून आहे, रस्त्यावरचं कोणी दिसत नाही. दिवसभर भिंत. वेणू कामाची बाई, बसायला तिला वेळ नाही.

अडीचची एसटी गाठायची तर उठायला हवं होतं. जयमालाबाईंनी काठी घेतली.

"परत कवा येशील?"

"येईन, पौषात."

"खोटं नको बोलू," बायजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पाय बघ तुजं. सुजून कसं झाल्यात. तू आता यायची नायस आनि मी तिकडं यायची नाय. ठाव हाय मना."

जयमालाबाईंनी साडीचा काठ पायांवर ओढला.

"आज बस मंग जरा," म्हातारी म्हणाली. "दुसरी गाडी असल ना?"

साडेचारची होती. जयमालाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. फार बोलणं झालं नाही. बायजाबाईला डुलकी लागली, तरी त्या बसून राहिल्या. जाग आल्यावर म्हातारीनं आधी त्या आहेत का ते बघितलं. चार वाजता वेणूनं रिक्षा आणली. निघताना बायजाबाईनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला, डोळ्यांना नीट दिसत नसावं तसा.

घरी पोचल्यावर जिना चढताना जयमालाबाई दोन ठिकाणी पायरीवर बसल्या. समोरच्या बिऱ्हाडातली सुनीती कामावरून येत होती. तिनं हात धरून वर आणलं. "कुठं गेला होता मावशी, एवढं लांब?" तिनं विचारलं. "मैत्रिणीकडं," जयमालाबाई म्हणाल्या. मग आठ दिवस त्या गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन पडून होत्या. सुनीती दोनदा डोकावली, एकदा वरणभात देऊन गेली, आणि मग तिच्या ऑफिसात डिसेंबरअखेरचं काम सुरू झालं.

करंज्याला पत्र पाठवून उपयोग नव्हता. वाचणार कोण आणि सांगणार कोण? तरी त्यांनी दोन कार्डं टाकली, वेणूच्या नावानं. एकाचं उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. आई बरी आहे, खाते, तुमची आठवण काढते, एवढंच.

जयमालाबाई सकाळी चालायला जातात. गावाकडं नाही, तिकडं पाय वळत नाहीत. खाडीच्या बाजूला नवा रस्ता झालाय, त्यानं जातात. त्या रस्त्याला टेकायला काहीही नाही. दोनशे पावलांवर खिळा बसला की त्या थांबतात, दोन्ही हात काठीवर ठेवतात, ओहोटीच्या चिखलात चालणारे बगळे बघतात. कळ ओसरायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी दहा. तेवढ्या वेळात रस्त्यावरून सहसा कोणी जात नाही. मग त्या आणखी दोनशे पावलं जातात.